पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या परिसंस्थांवरील पर्यावरणीय बदलांचे परिणाम

पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या परिसंस्था म्हणजे सह्याद्री आणि त्याच्या दक्षिणेकडील डोंगररांगांत उगम पावणाऱ्या नद्या, ओढे, धबधबे, डोह, सड्यांवरील हंगामी तळी, दलदली, भूजल तसेच धरणांमुळे निर्माण झालेले जलाशय यांतील सजीवसृष्टी आणि तिचे भौतिक पर्यावरण होय. धरणे व पाण्याचे वळवणे, सांडपाणी व शेतीतील रसायने, परकीय प्रजातींचा प्रसार, वाळूउपसा, जंगलतोड आणि हवामान बदल या कारणांमुळे या परिसंस्थांमध्ये विसाव्या शतकात मोठे बदल झाले व ते अद्याप चालू आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या प्रदेशातील मासे, मृदुकाय प्राणी, चतुर-टाचण्या आणि जलवनस्पती यांच्या १,१४६ प्रजातींचे मूल्यमापन करण्यात आले. त्यांपैकी सुमारे १६ टक्के प्रजातींना नामशेष होण्याचा धोका असल्याचे आढळले. माशांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते.

## पार्श्वभूमी

पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी नद्या, सरोवरे व दलदली यांतील गोड्या पाण्याचा वाटा सुमारे ०.०१ टक्का एवढाच आहे. तरीही ज्ञात प्राणी प्रजातींपैकी सुमारे दहा टक्के आणि पृष्ठवंशीय प्राण्यांच्या प्रजातींपैकी सुमारे एक तृतीयांश प्रजाती गोड्या पाण्यावर अवलंबून आहेत. जमीन व समुद्र यांच्या तुलनेत या अधिवासातील प्राण्यांची संख्या अधिक वेगाने घटत आहे. २०२४ च्या 'लिव्हिंग प्लॅनेट' अहवालानुसार १९७० ते २०२० या काळात निरीक्षणाखालील गोड्या पाण्यातील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या समूहांच्या आकारमानात सरासरी ८५ टक्के घट झाली. मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे, कोळंबी व तत्सम दशपाद प्राणी यांच्या २३,४९६ प्रजातींच्या जागतिक मूल्यमापनात (२०२५) २४ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचे दिसून आले.

गोड्या पाण्याची परिसंस्था बाह्य बदलांना लवकर बळी पडते, याचे कारण तिच्या रचनेत आहे. नदी तिच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्रातील घडामोडींचा परिणाम वाहून आणते. डोंगरउतारावरील जंगल तोडले तर गाळ ओढ्यात येतो, शेतात खत टाकले तर त्याचा अंश तळ्यात उतरतो आणि शहराचे सांडपाणी शेकडो किलोमीटर खाली जाते. शिवाय एका खोऱ्यातील मासा जमीन ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जाऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक खोरे, किंबहुना प्रत्येक डोंगरी ओढा, जैविकदृष्ट्या एका बेटासारखा असतो.

## भूगोल व जलविज्ञान

पश्चिम घाट तापी नदीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरला आहे. गोदावरी (त्र्यंबकेश्वर), भीमा (भीमाशंकर), कृष्णा (महाबळेश्वर) आणि कावेरी (तलकावेरी) या पूर्ववाहिनी नद्या येथे उगम पावतात. पश्चिम उतारावरून वैतरणा, सावित्री, वाशिष्ठी, मांडवी, काळी, शरावती, नेत्रावती, चालक्कुडी आणि पेरियार यांसारख्या तुलनेने आखूड व वेगवान नद्या अरबी समुद्राला मिळतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा अंतर्भाव आहे.

येथील जलचक्र नैर्ऋत्य मोसमी पावसाशी बांधलेले आहे. आंबोली, महाबळेश्वर यांसारख्या ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. घाटमाथ्यापासून पूर्वेला काही दशक किलोमीटर अंतरावर पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. परिणामी बहुतेक ओढे पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात सुटे सुटे डोह होऊन राहतात. स्थानिक सजीवांचे जीवनचक्र पूर व कोरड यांच्या या आलटूनपालटून येण्याशी जुळलेले आहे. त्यामुळे पाण्याच्या वेळापत्रकातील बदल हाच त्यांच्यावरील सर्वांत मूलभूत आघात ठरतो.

## जैवविविधता

### मासे

२०११ च्या मूल्यमापनात पश्चिम घाटातील गोड्या पाण्यातील माशांच्या २९० प्रजाती विचारात घेण्यात आल्या. त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश प्रजाती प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात अन्यत्र न आढळणाऱ्या आहेत. त्यानंतरच्या काळात अनेक नव्या प्रजातींचे वर्णन झाले आहे.

दख्खनच्या माशांचा पहिला शास्त्रीय अभ्यास ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३० च्या दशकात प्रसिद्ध केला. साइक्स यांनी अनेक प्रजातींना मराठी मुलखातील स्थानिक नावे दिली. 'खुद्री', 'कोलस', 'फुलुंगी', 'रोहटी' ही नावे आजही शास्त्रीय नामावलीत टिकून आहेत. फ्रान्सिस डे यांचा भारतातील माशांवरील ग्रंथ (१८७५–७८) आणि सुंदरलाल होरा यांचे संशोधन यांनी या अभ्यासाला पुढे नेले. वेगवान पाण्यातील खडकांना चिकटून राहणारे मासे पूर्व हिमालय आणि पश्चिम घाट अशा दूरच्या प्रदेशांत का आढळतात, याचे स्पष्टीकरण म्हणून होरा यांनी 'सातपुडा गृहीतक' मांडले. १९४२ साली ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुणे परिसरातील माशांची यादी प्रसिद्ध केली. अशा जुन्या नोंदींमुळे नंतरच्या काळातील ऱ्हासाची तुलना करणे शक्य होते.

### इतर सजीव

- मृदुकाय प्राणी: क्रेम्नोकोंकस या प्रजातीसमूहातील लहान गोगलगायी घाटातील धबधब्यांच्या ओल्या कड्यांवर राहतात. त्यांच्या कुलातील जवळपास सर्व सदस्य समुद्रकिनारी आढळतात. त्यामुळे गोड्या पाण्यातील हा समूह उत्क्रांतीच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो.
- खेकडे: घाटमाथ्यावरील खेकड्यांच्या अनेक जाती एखाद्या पठारापुरत्या किंवा डोंगरापुरत्या मर्यादित आहेत. घाटियाना, सह्याद्रियाना अशी प्रजातीनामे या प्रदेशावरून पडली आहेत.
- उभयचर: अंबोली टोड हा अतिसंकटग्रस्त प्राणी सड्यावरील उथळ, अल्पकाळ टिकणाऱ्या डबक्यांत अंडी घालतो.
- वनस्पती: कास परिसरातील वायतुरा ही जलवनस्पती प्रदेशनिष्ठ व संकटग्रस्त आहे. पोडोस्टेमेसी कुलातील वनस्पती खळाळत्या पाण्यातील खडकांवर शेवाळासारख्या वाढतात आणि पावसाळा संपून पाणी उतरू लागले की फुलतात.
- भूजलातील सजीव: केरळमधील जांभ्या खडकातील भूजलात डोळे नसलेले होराग्लॅनिस प्रजातीसमूहातील मासे राहतात, त्यांपैकी पहिल्या जातीचे वर्णन १९५० साली कोट्टायम येथील विहिरीतून मिळालेल्या नमुन्यांवरून झाले. २०१९ साली वर्णन झालेला एनिग्माचन्ना गोलम हा भूजलवासी मासा २०१८ च्या महापुरानंतर भातशेतीत सापडला होता. पुढे त्याच्यासाठी स्वतंत्र कुल मानण्यात आले.
- दलदली: रानजायफळाच्या कुलातील वृक्षांच्या गोड्या पाण्याच्या दलदली केरळ, कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात शिल्लक आहेत.

## बदलांची कारणे व परिणाम

### धरणे आणि पाण्याचे वळवणे

पश्चिम घाटातील बहुतेक मोठ्या नद्यांवर सिंचन, पिण्याचे पाणी किंवा वीजनिर्मितीसाठी धरणे आहेत. धरणामुळे वाहती नदी स्थिर जलाशयात रूपांतरित होते. खडकाळ तळ व भरपूर ऑक्सिजन लागणारे मासे अशा जलाशयात टिकत नाहीत. त्यांची जागा संथ पाण्यात वाढणाऱ्या जाती घेतात. भिंतीमुळे माशांचे स्थलांतर थांबते. गाळ अडल्याने खालच्या भागातील वाळू व गोटे यांचे पात्र पूर्ववत भरून निघत नाही. विजेच्या मागणीनुसार पाणी सोडल्यास नदीची पातळी एकाच दिवसात अनेकदा चढते-उतरते. पाणी उतरण्याच्या ऋतूत फुलणाऱ्या पोडोस्टेमेसी वनस्पतींना अशा अनियमित प्रवाहाचा विशेष फटका बसतो.

महाराष्ट्रात या बदलाला आणखी एक पैलू आहे. टाटा समूहाने लोणावळा-मुळशी परिसरात उभारलेल्या धरणांतील पाणी खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथील जलविद्युत केंद्रांसाठी घाटाखाली सोडले जाते. कोयना प्रकल्पातही कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे नेऊन वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीच्या खोऱ्यात सोडले जाते. या प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. निसर्गतः बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी अशा रीतीने अरबी समुद्राकडे जाते. घाटावर पूर्ववाहिनी नद्यांचा प्रवाह घटतो. घाटाखाली उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्या बारमाही होतात व त्यांच्या खाड्यांतील क्षारतेचे प्रमाण बदलते. दोन्ही खोऱ्यांतील सजीवांना अपरिचित असलेली परिस्थिती त्यामुळे निर्माण होते.

केरळमधील वेंबनाड सरोवरावरील तण्णीरमुक्कम बंधारा हे याच प्रकारचे दुसरे उदाहरण आहे. कुट्टनाडच्या भातशेतीत खारे पाणी शिरू नये म्हणून बांधलेला हा बंधारा १९७० च्या दशकात कार्यान्वित झाला. भातपिकाला त्याचा लाभ झाला. मात्र भरती-ओहोटीचा संपर्क तुटल्याने आतील भागात जलपर्णी माजली आणि प्रजननासाठी खाऱ्या पाण्याकडे जाणाऱ्या मोठ्या नदीकोळंबीचा मार्ग अडला.

### स्थलांतर आणि प्रजननातील व्यत्यय

पहिल्या जोरदार पावसानंतर अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी नदीतून ओढ्यांत, ओढ्यांतून भातखाचरांत चढतात. कोकणात त्यांना 'वलगणीचे मासे' किंवा 'चढणीचे मासे' म्हणतात. या काळात मासे पकडणे ही जुनी परंपरा आहे. पूर्वी खाचरे, नाले व नद्या सलग जोडलेल्या असल्याने बरेच मासे सुटून प्रजनन करीत. बंधारे, रस्त्यांखालील नळमोऱ्या, भातशेतीचे घटते क्षेत्र आणि नाल्यांचे काँक्रिटीकरण यांमुळे चढणीच्या वाटा तुटल्या आहेत. त्यातच अंड्यांनी भरलेल्या माद्यांची दाट जाळ्यांनी, विजेच्या धक्क्याने किंवा विष कालवून शिकार केल्यास पुढील पिढीच नष्ट होते. पाण्यात विष किंवा स्फोटके वापरून मासेमारी करण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून बंदी आहे. अंमलबजावणी मात्र दुर्गम ओढ्यांवर कठीण जाते.

मोसमी पावसाचे आगमन लांबले किंवा पहिल्या सरींनंतर दीर्घ खंड पडला, तर खाचरांत घातलेली अंडी व पिल्ले पाणी आटल्याने मरतात. सड्यांवरील डबक्यांत प्रजनन करणाऱ्या बेडकांच्या बाबतीतही हेच घडते.

### प्रदूषण

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले. त्यांपैकी ५३ पट्टे महाराष्ट्रात होते व ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. पुण्यातील मुळा-मुठा, कोल्हापूरची पंचगंगा, कृष्णा, भीमा, गोदावरी इत्यादी नद्यांचे भाग त्यांत येतात.

सेंद्रिय पदार्थांनी युक्त सांडपाणी नदीत मिसळले की जीवाणू त्याचे विघटन करताना पाण्यातील विद्राव्य ऑक्सिजन वापरतात. ऑक्सिजन विशिष्ट मर्यादेखाली गेला की मासे गुदमरून मरतात. उन्हाळ्यात प्रवाह कमी असताना, तसेच पहिल्या पावसात पात्रात साचलेली घाण एकदम ढवळली गेल्यावर, मृत माशांचा खच आढळण्याच्या घटना बहुधा यामुळे घडतात. सांडपाणी व खते यांतील नत्र व स्फुरद यांमुळे शेवाळ आणि जलपर्णी बेसुमार वाढतात. या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. दाट जलपर्णीखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, प्रकाशसंश्लेषण थांबते आणि वनस्पती कुजू लागल्यावर उरलासुरला ऑक्सिजनही खर्च होतो.

मुळा-मुठेच्या माशांबाबत फ्रेझर आणि होरा यांच्या १९४० च्या दशकातील नोंदींशी नंतरच्या सर्वेक्षणांची तुलना केली असता, शहरी पट्ट्यातून अनेक स्थानिक जाती नाहीशा झाल्याचे आणि प्रदूषण सहन करणाऱ्या व परकीय जाती वाढल्याचे दिसून आले. याच नद्यांच्या वरच्या, धरणांपलीकडील ओढ्यांत काही मूळ जाती टिकून आहेत.

### उजनी जलाशय

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना व इंद्रायणी यांच्यामार्फत भीमेत येऊन अखेर या जलाशयात साठते. त्यामुळे उजनीचे पाणी वर्षातील काही काळ शेवाळामुळे हिरवे दिसते. सोलापूर जिल्ह्यातील शेती व पाणीपुरवठा या जलाशयावर अवलंबून असल्याने हा प्रश्न केवळ परिसंस्थेचा राहत नाही.

पर्यावरणीय बदलाचे परिणाम एकरेषीय नसतात, हेही उजनीत दिसते. जलाशयाची पातळी उतरताना उघड्या पडणाऱ्या उथळ, पोषकद्रव्यांनी समृद्ध चिखलाळ काठांवर भिगवण परिसरात हिवाळ्यात व उन्हाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) आणि इतर स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे पर्यटन वाढले आहे. माशांच्या बाबतीत मात्र भीमेतील मूळ जातींऐवजी 'चिलापी' नावाने ओळखला जाणारा तिलापिया आणि सोडलेले कटला, रोहू यांसारखे मासे प्रामुख्याने मिळतात. एकूण उत्पादन टिकले तरी विविधता घटल्याचे हे उदाहरण आहे.

### परकीय प्रजाती

तिलापिया १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणण्यात आला. अंडी व पिल्ले तोंडात सांभाळण्याची सवय, वर्षभर प्रजनन आणि प्रदूषित पाण्यातही तग धरण्याची क्षमता यांमुळे तो सर्वत्र पसरला. डासांच्या नियंत्रणासाठी १९२८ साली आणलेला गप्पी माशाचा नातलग गॅम्बुशिया स्थानिक लहान मासे व बेडकांची पिल्ले खातो. आफ्रिकी मागूर (बाजारातील नाव 'थाई मांगूर') या शिकारी माशाच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनुसार महाराष्ट्रात त्याचे साठे नष्ट करण्यात आले. शोभिवंत मत्स्यव्यवसायातून सुटलेला दक्षिण अमेरिकी सकर मासा जलाशयांत जाळी फाडतो व त्याला बाजारभाव नसल्याने मच्छीमारांचे थेट नुकसान होते.

हवामानातील टोकाच्या घटनांमुळे या प्रसाराला गती मिळते. ऑगस्ट २०१८ मधील केरळच्या महापुरात मत्स्यतलाव व टाक्या वाहून गेल्याने अरापायमा, ॲलिगेटर गार यांसारखे परकीय मासे नद्यांत शिरल्याची नोंद झाली.

### महसीरचे उदाहरण

परकीय जात नेहमी परदेशातूनच येते असे नाही. दख्खन महसीर (टोर खुद्री) ही साइक्स यांनी वर्णिलेली जात धरणे व अतिमासेमारीमुळे घटली होती. टाटा समूहाच्या लोणावळा येथील केंद्रात १९७० च्या दशकारंभापासून तिचे कृत्रिम प्रजनन करण्यात आले आणि लक्षावधी पिल्ले देशातील विविध नद्यांत व तलावांत सोडण्यात आली. या जातीची आययूसीएन यादीतील स्थिती पुढे 'संकटग्रस्त' वरून 'किमान चिंता' अशी सुधारली.

तथापि, हीच पिल्ले कावेरीतही सोडण्यात आली. तेथे उंच पाठीचा महसीर ही स्वतंत्र, केवळ कावेरी खोऱ्यात आढळणारी जात होती. तिचे नेमके शास्त्रीय नाव (टोर रेमादेवी) २०१८ साली निश्चित झाले व त्याच वर्षी तिला 'अतिसंकटग्रस्त' घोषित करण्यात आले. बाहेरून आलेल्या दख्खन महसीरने कावेरीत मूळ जातीची जागा घेतली, असे हौशी गळकऱ्यांच्या नोंदींवर आधारित अभ्यासातून दिसून आले. एका खोऱ्यातील संवर्धनाचे साधन दुसऱ्या खोऱ्यात धोका ठरू शकते, याचे हे उदाहरण संवर्धनशास्त्रात वारंवार दिले जाते.

### जमीन वापरातील बदल

काठावरची झाडे ओढ्यावर सावली धरतात, पाणी थंड ठेवतात आणि पानगळीतून जलकीटकांना अन्न पुरवतात. ही झाडे तोडल्यावर पाणी तापते व अन्नसाखळीचा पायाच बदलतो. घाटउतारावरील रस्ते, खाणी, दगडखाणी आणि एकसुरी लागवड यांमुळे धूप वाढते. बारीक गाळ गोट्यांमधील फटी बुजवतो. याच फटींत अनेक मासे अंडी घालतात व कीटकांच्या अळ्या राहतात. कुद्रेमुख येथील लोहखनिजाची खाण २००५ च्या अखेरीस बंद होईपर्यंत भद्रा नदीतील गाळाचा प्रश्न चर्चेत होता. गोव्यातील खाणपट्ट्यातही नद्यांत व शेतांत गाळ येण्याच्या तक्रारी दीर्घकाळ आहेत. वाळूउपशामुळे पात्र खोल जाते, डोहांचा आकार बिघडतो आणि काठावरील विहिरींची पातळी उतरते.

सडे पूर्वी 'पडीक जमीन' मानले जात. त्यामुळे जांभा खडकाच्या खाणी, फळबागांसाठी सपाटीकरण आणि बांधकामे यांमुळे त्यांवरील हंगामी तळी नष्ट होत आहेत. वर्षातील आठ महिने कोरडी असणारी ही तळी नकाशावर जलाशय म्हणून नोंदली जात नसल्याने त्यांना पाणथळ जागांचे संरक्षण सहसा मिळत नाही.

### हवामान बदल

तापमानवाढीचा परिणाम पाण्यातील ऑक्सिजनवर थेट होतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमपर्यंत घसरते. याच वेळी तापमानाबरोबर माशांचा चयापचय वाढून त्यांची ऑक्सिजनची गरजही वाढते. थंड पाण्यातील जाती अशा वेळी अधिक उंचीकडे सरकतात. घाटमाथ्यावरील ओढ्यांत मात्र वर सरकण्यास जागा उरत नाही.

पर्जन्यमानाच्या स्वरूपातही बदल दिसतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कमी दिवसांत जास्त पाऊस पडल्यास पाणी जमिनीत मुरण्याऐवजी वाहून जाते. पूर मोठे येतात आणि झरे लवकर आटतात. माळीण (२०१४), तळिये (२०२१) व वायनाड (२०२४) येथील दरडींमध्ये मोठी मनुष्यहानी झाली. अशा दरडी ओढ्यांचे पात्र गाळ व दगडांनी भरून टाकतात व तेथील अधिवास एका रात्रीत बदलतात.

हवामान बदल हा बहुधा एकटा कार्य करीत नाही. स्वच्छ, सावलीच्या आणि मुक्तपणे वाहणाऱ्या नदीत उष्ण वर्ष सहन करू शकणारी जात प्रदूषित, अडवलेल्या व उथळ पात्रात त्याच वर्षी नष्ट होऊ शकते. म्हणून स्थानिक ताण कमी करणे हा हवामान बदलाशी जुळवून घेण्याचाच एक भाग समजला जातो.

## सामाजिक परिणाम

भोई, कोळी, कातकरी व इतर समाजांच्या उपजीविकेत आणि आहारात नदीतील मासे, खेकडे, कोळंबी व शिंपल्यांना महत्त्वाचे स्थान आहे. हे अन्न बाजारातून विकत घ्यावे लागत नसल्याने आर्थिक आकडेवारीत त्याची नोंद क्वचितच होते. त्यामुळे नदी बिघडल्यावर झालेले नुकसानही मोजले जात नाही. मूळ जाती नाहीशा झाल्यावर माशांची स्थानिक नावे, त्यांच्या हंगामाचे ज्ञान आणि पारंपरिक साधनेही विस्मरणात जातात. शोभिवंत माशांच्या व्यापाराचीही येथे दुहेरी भूमिका आहे. 'मिस केरळ' या नावाने प्रसिद्ध असलेला, सह्याद्रिया या प्रजातीसमूहातील संकटग्रस्त मासा स्थानिकांना उत्पन्न देतो, तर नदीतून त्याची बेसुमार पकड त्याच्या अस्तित्वाला धोका ठरते.

## संवर्धन

### पारंपरिक संरक्षण

देवराया आणि देवाचे डोह ही संरक्षणाची जुनी पद्धत आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड आणि पालघर जिल्ह्यातील वैतरणेवरील तिळसे येथे देवस्थानाशी निगडित डोहांतील महसीर मासे पकडले जात नाहीत. कर्नाटकात तुंगा नदीवरील शृंगेरी येथेही अशी प्रथा आहे. उन्हाळ्यात नदी आटल्यावर हे डोह माशांचे आश्रयस्थान ठरतात. श्रद्धेने मासेमारी रोखली जाते. वरच्या अंगाला धरण किंवा प्रदूषण झाल्यास मात्र ही पद्धत अपुरी पडते.

### कायदेशीर व संस्थात्मक उपाय

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे हिरण्यकेशी नदीच्या उगमस्थानी आढळलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली हा परिसर जैवविविधता कायद्याखाली 'जैविक वारसा स्थळ' म्हणून घोषित केला. एका लहान माशाच्या अधिवासासाठी असे संरक्षण मिळणे ही दुर्मीळ बाब होती. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाच्या दलदलीलाही हा दर्जा देण्यात आला. गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात सर्वाधिक संवेदनशील क्षेत्रात नवी मोठी धरणे न बांधण्याची आणि आयुर्मान संपलेली धरणे टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची शिफारस केली. चालक्कुडी नदीवरील प्रस्तावित आतिरप्पिळ्ळी जलविद्युत प्रकल्पालाही या गटाने प्रतिकूल मत दिले. नंतरच्या कस्तुरीरंगन समितीने (२०१३) घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग परिसर-संवेदनशील ठरवण्याची सूचना केली. राज्य सरकारे आणि स्थानिक गटांच्या आक्षेपांमुळे अंतिम अधिसूचना लांबणीवर पडत गेली. जुलै २०२४ मध्ये प्रारूप अधिसूचना सहाव्यांदा काढण्यात आली.

### सुचवले जाणारे उपाय

तज्ज्ञांच्या विविध शिफारशींमध्ये पुढील बाबी समान आढळतात:

- धरणांतून वर्षभर, ऋतुमानाशी सुसंगत असा पर्यावरणीय प्रवाह सोडणे
- सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया करणे व शेतीतील खतांचा निचरा कमी करणे
- अद्याप न अडवलेल्या उपनद्या व उगमाकडील ओढे राखून ठेवणे
- मत्स्यबीज सोडताना त्या खोऱ्यातील मूळ जातींचाच वापर करणे
- प्रजननकाळात मासेमारीवर निर्बंध घालताना त्यावर अवलंबून असलेल्या समाजांना पर्यायी उत्पन्न देणे
- सड्यांवरील हंगामी तळी व भूजलातील अधिवास यांचा पाणथळ जागांच्या नोंदीत समावेश करणे

नद्यांच्या शहरी पुनर्विकासाबाबत मतभेद आहेत. पुण्यातील मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पाचे समर्थक स्वच्छता, पूरनियंत्रण व सार्वजनिक जागा यांवर भर देतात, तर पात्र अरुंद होणे आणि काठावरील वृक्षराजी नष्ट होणे या मुद्द्यांवर पर्यावरण कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतले आहेत.

## हेही पहा

- पश्चिम घाट
- कास पठार
- उजनी धरण
- कोयना प्रकल्प
- नांदूर मध्यमेश्वर
- महसीर
- जलपर्णी
- देवराई